पिकअपच्या बाहेरील प्लास्टिकवर ओरखडे पडू नयेत म्हणून : सोलापूरच्या वाहनधारकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पत्र्यावर चरा उमटला तर पेंटर पुट्टी भरतो, घासतो, रंग मारतो आणि गाडी पुन्हा नव्यासारखी दिसते. पुढचा काळा बंपर, चाकांवरची क्लॅडिंग (चाकांच्या कमानीवर बसवलेले काळे प्लास्टिक), दरवाजाखालची पट्टी, आरशांची टोपणे, वायपरखालची जाळी आणि काही गाड्यांत फाळक्याच्या वरच्या कडेवर बसवलेली पट्टी, या भागांना मात्र ही सोय नाही. हे भाग बहुधा रंगवलेले नसतात. त्यांचा काळा रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो आणि पृष्ठभागावरचा बारीक दाणा साच्यातूनच उमटलेला असतो. तो दाणा एकदा घासून सपाट झाला की कोणतेही पॉलिश तो परत आणू शकत नाही. म्हणून या लेखाचा भर ओरखडा घालवण्यापेक्षा तो पडू न देण्यावर आहे, आणि त्यातही काय लावावे यापेक्षा कोठे काय घासते हे आधी ओळखण्यावर आहे.

प्लास्टिक पांढरे का पडते

क्लॅडिंग किंवा बंपर कधी काढला गेला तर त्याच्या आतल्या बाजूला साच्यातच कोरलेली एक खूण दिसते, उदाहरणार्थ ‘पीपी+ईपीडीएम-टीडी२०’. याचा अर्थ असा की तो भाग पॉलिप्रॉपिलीनचा आहे, त्याला लवचिकपणा यावा म्हणून रबर मिसळले आहे आणि ताठपणासाठी २० टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड घातली आहे. कठीण वस्तू दाबून घासली गेली की दाण्याची टोके चेपतात, आतल्या आत अतिशय सूक्ष्म भेगा पडतात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरल्यामुळे काळ्यावर पांढरी रेघ दिसू लागते. टाल्क असलेल्या प्लास्टिकवर ही रेघ अधिक ठळक उठते. रंगाचा थर उडालेला नसतानाही ओरखडा इतका नजरेत भरतो तो यामुळे.

त्यात सोलापूरच्या उन्हाची भर पडते. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४२-४३ अंशांवर जाणे आपल्याकडे नवलाचे नाही, आणि उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचे काळे प्लास्टिक त्याहूनही कितीतरी अधिक तापते. अतिनील किरणांमुळे प्लास्टिकचा सर्वांत वरचा थर हळूहळू ठिसूळ आणि राखाडी होतो, आणि असा थर निरोगी प्लास्टिकपेक्षा फार लवकर खरचटतो. ऊन आणि ओरखडा हे दोन वेगळे प्रश्न वाटत असले तरी पहिल्याकडे दुर्लक्ष केले की दुसरा वाढतो.

पहिली पायरी : गाडीवरच्या खुणा वाचणे

बाजारात काहीही विकत घेण्यापूर्वी गाडी स्वच्छ धुवावी, वाळू द्यावी आणि संध्याकाळी सावलीत उभी करून मोबाईलची बॅटरी प्लास्टिकला जवळजवळ समांतर धरून सगळ्या बाजूंनी फिरवावी. समोरून टाकलेल्या उजेडात न दिसणाऱ्या रेघा अशा आडव्या उजेडात स्पष्ट उठतात आणि त्यांची दिशा पाहिली की कारण बहुतेक कळते.

क्लॅडिंगवर आणि आरशाच्या टोपणावर पुढून मागे गेलेल्या लांब, बारीक रेघा असतील तर त्या पाणंद रस्त्याच्या दोन्ही कडांना माजलेल्या वेड्या बाभळीच्या किंवा गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉलीतून बाहेर आलेल्या टोकांच्या असतात. मागच्या फाळक्याच्या कडेवर आडवे-तिरपे, रुंद आणि एकाच जागी दाट झालेले घासे असतील तर ते माल चढवण्या-उतरवण्याचे आहेत. चाकामागच्या भागात टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके असतील तर ते टायरने उडवलेल्या खडीचे आहेत. एखाद्या कडेवर रेघ नसून गुळगुळीत, चकचकीत झालेली खाच दिसली तर तेथून ताडपत्रीची दोरी जाते आणि गाडी चालताना ती करवतीसारखी मागेपुढे होते. बंपरच्या दर्शनी भागावर अर्धगोलाकार, धूसर रेघांचे जाळे असेल तर दोष कोरड्या फडक्याचा आहे. हे शेवटचे कारण सर्वांत जास्त गाड्यांवर दिसते आणि सर्वांत कमी लोकांना पटते.

या पाहणीतून जे कळेल त्यानुसार प्रत्येक जागेचा उपाय वेगळा ठरतो. संपूर्ण गाडीला एकच महागडे रसायन फासून सगळे प्रश्न सुटतील, हे दुकानदाराचे आश्वासन झाले.

दुसरी पायरी : ओरखडा न पाडता धुणे

सोलापूर जिल्ह्यातली काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि तिच्यात चुनखडीचे बारीक खडेही असतात. अशी माती बसलेल्या बंपरवरून कोरडे फडके फिरवणे म्हणजे त्यावरून पॉलिशपेपर फिरवणेच होय. सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी चालक सवयीने फडका मारतात. तो काचेपुरता ठेवावा, तोही ओला करून.

योग्य क्रम असा आहे. आधी भरपूर पाणी मारून माती भिजू द्यावी. चिखल जाड असेल तर पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा पाणी मारावे. प्रेशर वॉशरचा नोझल प्लास्टिकपासून किमान हातभर लांब ठेवावा, कारण जवळून मारलेला फवारा पट्ट्यांच्या आणि फिल्मच्या कडा उचलतो. नंतर एका बादलीत गाडीचा शाम्पू आणि दुसऱ्या बादलीत साधे पाणी घेऊन, मऊ ब्रशने दाण्यांमधली माती काढावी. ब्रश प्रत्येक वेळी साध्या पाण्याच्या बादलीत खळबळूनच पुन्हा शाम्पूत बुडवावा. कपडे धुण्याची पावडर वापरू नये; ती न विरघळलेल्या कणांनी घासते आणि वाळल्यावर दाण्यांत पांढरी साय सोडते.

बोअरच्या जड पाण्याचा त्रास तर शहरातही घरोघरी आहे. उन्हात गाडी धुतली की असे पाणी वाळून काळ्या प्लास्टिकवर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि ते काढण्यासाठी लोक पुन्हा जोर लावून घासतात. म्हणून गाडी सावलीत धुवावी आणि लगेच स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने, न रगडता, टिपून कोरडी करावी. डाग बसलेच असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन कापड ओले करावे, ते डागावर मिनिटभर ठेवावे आणि नंतर तो भाग धुऊन काढावा.

शेजारच्या पत्र्यावर वॅक्स किंवा पॉलिश लावायचे असेल तर आधी प्लास्टिकच्या कडेला मास्किंग टेप चिकटवावी. दाण्यांत अडकलेले पांढरे पॉलिश काढणे फार किचकट असते.

तिसरी पायरी : आधीच पडलेल्या खुणांचे काय करावे

नखाने तपासावे. नख अडकत नसेल आणि रेघेला पिवळा, निळा किंवा लाल रंग असेल तर तो बहुधा दुसऱ्या वाहनाचा किंवा दुभाजकाचा रंग आहे, ओरखडा नव्हे. तो ओल्या मेलामाइन स्पंजने अगदी हलक्या हाताने, थोडा थोडा निघतो. हा स्पंज स्वतःच बारीक घासणारा असल्यामुळे चकचकीत किंवा रंगवलेल्या भागावर तो वापरू नये. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावू नये. पॉलिप्रॉपिलीन ते काही काळ सोसते, पण त्यात मिसळलेले रबर फुगते आणि ग्रिल किंवा आरशाची टोपणे एबीएस प्लास्टिकची असतील तर पृष्ठभाग विरघळून कायमचा खराब होतो.

रेघ पांढरी असेल आणि नख अगदी किंचित अडकत असेल तर उष्णतेचा थोडा उपयोग होतो. हॉट एअर गन कमी तापमानावर ठेवून, साधारण वीतभर अंतरावरून, एका जागी न थांबवता फिरवत राहावी. चेपलेला भाग सैल होतो आणि पांढरेपणा कमी होतो. रंग गडद झाला की त्याच क्षणी थांबावे. दाणा वितळून चमक आली तर तो डाग ओरखड्यापेक्षाही जास्त उठून दिसतो आणि त्यावर इलाज नसतो. जवळ हेडलाइट, वायरिंग, सेन्सर किंवा रंगवलेला पत्रा असेल तर हा प्रयोग स्वतः करू नये. उन्हाने राखाडी झालेले प्लास्टिकही गरम केल्यावर काळे दिसते, परंतु तो काळेपणा टिकत नाही.

खोल चरा पडून कडेला प्लास्टिकचे तंतू उभे राहिले असतील तर धारदार ब्लेड आडवे धरून तेवढे तंतू छाटावेत. पॉलिशपेपर लावू नये, कारण त्याने भोवतालचा चांगला दाणाही जातो.

चौथी पायरी : जागेनुसार संरक्षण निवडणे

माल जेथे घासतो तेथे जाड, झिजून जाणारा थर हवा. दुसरे काहीही चालत नाही. फाळक्याची कड, मागच्या बंपरचा वरचा भाग आणि पायदान यांवर तीन-चार मिलिमीटर जाडीची रबराची किंवा लवचिक प्लास्टिकची पट्टी बसवावी. चाकामागच्या ठिपक्यांवर उपाय मडफ्लॅप हा आहे. तो फाटला किंवा आखूड असला तर खडी थेट क्लॅडिंगवर येते. दरवाजाच्या कडेसाठी यू आकाराचे बीडिंग पुरते, आणि पार्किंगमध्ये दरवाजा उघडताना भिंतीचा मार बसतो तो तेवढ्यानेच वाचतो.

पारदर्शक संरक्षक फिल्म, जिला दुकानांत पीपीएफ म्हणतात, ती थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते आणि साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची येते. बारीक ओरखडे ती स्वतःवर घेते आणि चांगल्या प्रतीच्या फिल्मवरच्या हलक्या रेघा उन्हाच्या उष्णतेने मिटतातही. रंगवलेला बंपर, चकचकीत काळ्या पट्ट्या आणि आरशांची गुळगुळीत टोपणे यांच्यासाठी ती उत्तम आहे. जाड दाण्याच्या प्लास्टिकवर मात्र ती फक्त दाण्यांच्या टोकांवर टेकते, मधल्या पोकळीत धूळ शिरते आणि पहिल्याच उन्हाळ्यात कडा उचलू लागतात. दाणा बारीक असेल तर मॅट फिल्मचा लहान तुकडा एका कोपऱ्यात लावून महिनाभर पाहावा आणि मगच पुढचा खर्च करावा. स्टिकरवाल्याकडची साधी व्हिनाइल फिल्म याहून बरीच पातळ असते. ती रंग बदलण्यासाठी आहे, मार सोसण्यासाठी नाही.

सिरॅमिक ट्रिम कोटिंगविषयी, म्हणजे काळ्या प्लास्टिकवर लावायच्या द्रव संरक्षक थराविषयी, गैरसमज फार आहेत. हा थर अतिशय पातळ असतो. तो ऊन, क्षारांचे डाग आणि चिखल यांचा प्लास्टिकला होणारा त्रास कमी करतो, धुणे सोपे करतो आणि त्यामुळे धुताना होणारी घासाघीस कमी होते. एवढे काम तो चांगले करतो आणि सोलापूरच्या उन्हात ते काम मोठेच आहे, परंतु कांद्याचे पोते किंवा बाभळीची फांदी त्याने अडत नाही. तेलकट सिलिकॉन ड्रेसिंग लावल्यावर गाडी दोन दिवस चकाकते, मग त्यावर धूळ चिकटते आणि ती धूळ पुसताना पुन्हा रेघा पडतात. लावायचेच असेल तर तेलाऐवजी पाण्याच्या बेसचे (वॉटर-बेस्ड), कोरडे होणारे ड्रेसिंग घ्यावे आणि पायदानावर ते कधीही लावू नये, पाय घसरतो.

गाडी पूर्णपणे कामाची असेल आणि दिसण्यापेक्षा टिकण्याला महत्त्व असेल तर बंपरच्या खालच्या भागावर खरबरीत लायनर कोटिंग फवारून घेता येते. हे हौद्यासाठी वापरतात तेच रसायन होय. ते लावताना मूळ दाणा घासावा लागतो आणि मागे परतता येत नाही, म्हणून नव्या गाडीवर हा मार्ग मी सुचवणार नाही.

बंपर वाचवण्यासाठी समोर लोखंडी बुल बार बसवण्याची कल्पना अनेकांना सुचते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा क्रॅश गार्डवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारवाई करण्यास सांगितले आहे. पादचाऱ्याला होणारी इजा त्याने वाढते आणि एअरबॅग असलेल्या गाडीत धक्क्याची नोंद घेणाऱ्या सेन्सरच्या कामातही अडथळा येऊ शकतो. प्लास्टिकच्या बंपरसाठी एवढा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी : पट्टी अशी चिकटवावी की ती निघणार नाही

पट्ट्या निघतात त्या बहुतेक वेळा पट्टी वाईट असते म्हणून नव्हे, तर पॉलिप्रॉपिलीनला काहीच सहजासहजी चिकटत नाही म्हणून. ज्याने पृष्ठभाग तयार केला नाही त्याची पट्टी उन्हाळ्यात लोंबकळणारच.

सर्वप्रथम पट्टी कोरडीच जागेवर धरून पाहावी आणि तिची वरची कड मास्किंग टेपने आखून घ्यावी. पार्किंग सेन्सर, रिफ्लेक्टर, दिवे, नंबर प्लेट आणि पाणी निचरण्याची छिद्रे झाकली जात नाहीत ना, हे याच वेळी तपासावे. मग तो भाग शाम्पूने धुऊन वाळवावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समान प्रमाणात मिसळून, त्यात भिजवलेल्या पांढऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसावा. कापडावर काळा किंवा तेलकट डाग येतो तोपर्यंत नवे कापड घेऊन पुसत राहावे. पूर्वी ड्रेसिंग लावलेल्या गाडीवर याला बराच वेळ लागतो. हे मिश्रण ज्वलनशील आहे, तेव्हा काम मोकळ्या हवेत करावे आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला दूर बसवावे.

यानंतर येते ती बहुतेक जण गाळतात अशी गोष्ट, म्हणजे प्राइमर, टेपने प्लास्टिकला धरावे म्हणून आधी लावायचे द्रव. ऑटो पेंटच्या दुकानात पीपी प्रायमर किंवा टेपसाठीचा प्राइमर मागावा, त्याचा अगदी पातळ हात आखलेल्या जागेतच फिरवावा आणि डब्यावर दिलेल्या वेळेइतका वाळू द्यावा. टेप लाल कागदाची, ॲक्रिलिक फोमची घ्यावी. पांढऱ्या स्पंजची स्वस्त डबल टेप उन्हात मऊ पडते.

चिकटवताना प्लास्टिकचे तापमान २१ ते ३८ अंशांच्या दरम्यान असावे. आपल्याकडे थंडीत ही अट दुपारी पाळता येते, पण एप्रिलमध्ये मात्र सूर्य वर येण्यापूर्वी, रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या गाडीवरच काम उरकावे लागते. लाल कागद एकदम न काढता एका टोकापासून वीतभर सोलावा, तेवढी पट्टी बसवावी आणि असे करत पुढे सरकावे. पट्टी ताणू नये. ताणून लावलेली पट्टी रात्रीतून आखडते आणि टोके उचलते. वळणाच्या जागी आतल्या बाजूला छोटी खाच द्यावी आणि टोके गोलाकार कापावीत, कारण टोकदार कोपरा दोरीत किंवा फडक्यात अडकतो.

शेवटी दाब. फोम टेप दाबाने चिकटते. तळहाताच्या टाचेने किंवा लहान रबरी रोलरने प्रत्येक इंचावर जोर द्यावा. साधारण सामान्य तापमानाला २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण पकड येते. एवढे तीन दिवस गाडी धुऊ नये आणि त्या कडेवर माल टेकवू नये. बाजाराच्या दिवसांत गाडी उभी ठेवणे परवडत नाही हे खरे, म्हणून हे काम सुट्ट्यांना जोडून करावे.

फिल्म लावायची असेल तर सफाई हीच, मात्र पद्धत ओली. पाण्यात बेबी शाम्पूचे काही थेंब टाकून ते पृष्ठभागावर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर फवारावे, फिल्म सरकवून जागी आणावी आणि मधून कडांकडे स्क्वीजीने पाणी काढावे. दुहेरी वळणाच्या बंपरवर हे हाताला साधत नाही. तेथे कारागीरच गाठावा. कोटिंग लावताना गाडी सावलीत आणि प्लास्टिक थंड असावे, एका वेळी फूटभर भागच घ्यावा, जास्तीचे द्रव लगेच टिपावे आणि पुढचे २४ तास त्यावर पाणी पडू देऊ नये.

सहावी पायरी : माल चढवताना आणि रस्त्यावर

सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या आवकेच्या दिवसांत फाळक्यापाशी थोडा वेळ उभे राहिले तर सगळा प्रकार डोळ्यांसमोर घडतो. हमाल पोते पाठीवरून उतरवून आधी कडेवर टेकवतो, क्षणभर दम घेतो आणि मग गुडघ्याने आत ढकलतो. त्या ढकलण्यात पोत्याला लागलेली माती कडेवरून दाबून घासली जाते, आणि हे प्रत्येक पोत्याला त्याच एका वीतभर जागेत होते. डाळिंब-द्राक्षांच्या क्रेटचा खालचा कोपरा तर त्याहून वाईट. हमालांना सूचना देऊन फरक पडत नाही. त्यांचे काम वजनावर आणि वेळेवर चालते. त्यापेक्षा माल चढण्यापूर्वी कडेवर जुन्या कन्व्हेयर बेल्टचा किंवा टायरच्या ट्यूबचा हातभर तुकडा टाकावा. जुनी सोलापुरी चादर चौपदरी घालून टाकली तरी काम होते, आणि ती बहुतेकांच्या सीटखाली असतेच. मात्र माल भरून झाला की हे अंथरूण काढून घ्यावे. चालत्या गाडीत त्याच्याखाली धूळ शिरते आणि गावापासून शहरापर्यंत ते कापड प्लास्टिकला घासत येते.

ताडपत्रीची दोरी जेथे प्लास्टिकवरून वळते तेथे ट्यूबची नळी दोरीतच ओवून ठेवावी, म्हणजे दोरी नळीच्या आत हलते आणि नळी जागेवर राहते. लोखंडी हुकाला ट्यूबचा तुकडा गुंडाळावा. ताडपत्रीचे टोक फडफडत सोडू नये.

पाणंद रस्त्यावर समोरून ट्रॉली आली तर आरसा मिटून, गाडी पूर्ण थांबवून तिला जाऊ द्यावे. चालत्या गाडीला फांदी जो चरा पाडते तो थांबलेल्या गाडीला क्वचितच पडतो. रोजच्या रस्त्यावरच्या फांद्या हंगामापूर्वी कोयत्याने छाटून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि त्याचा लाभ गल्लीतल्या प्रत्येक गाडीला होतो.

सातवी पायरी : देखभाल आणि पट्टी बदलणे

वर्षातून दोनदा सर्व पट्ट्यांच्या आणि फिल्मच्या कडांवरून बोट फिरवून पाहावे : एकदा उन्हाळा संपल्यावर जूनच्या सुमारास आणि एकदा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी ऑक्टोबरमध्ये. पाण्याचे थेंब पूर्वीसारखे गोळा होऊन न घसरता पसरू लागले तर कोटिंग संपत आले आहे असे समजावे. क्लॅडिंगच्या क्लिपाही याच वेळी दाबून पाहाव्यात. क्लिप तुटलेली क्लॅडिंग पत्र्यावर थरथरते आणि आतून रंग खाते, आणि त्यातून गंज सुरू होतो. क्लिप चार पैशांची असते.

झिजून पातळ झालेली पट्टी ओढून काढू नये, कारण तिच्याबरोबर प्लास्टिकही वाकते. हेअर ड्रायरने ती कोमट करावी, मागे नायलॉनचा मजबूत दोरा किंवा मासेमारीची तंगूस घालून करवतीसारखी चालवत फोम कापावा, उरलेला चिकटा अंगठ्याने गोळा करत काढावा आणि जागा अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून नव्या पट्टीसाठी तयार करावी. पट्टीखालचे प्लास्टिक भोवतालच्यापेक्षा गडद दिसले तर तो डाग नव्हे. उन्हाने राखाडी न झालेला मूळ रंग तोच आहे.